शेंदराचे तीन खांब

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा विचारतो, "आपण नोकरीत काय करत होता?" मी सांगतो, "कापूस दाबत होतो." पाहुणा एकदा माझ्या हातांकडं बघतो आणि जिलबीकडं वळतो. मी त्याला दोष देत नाही. या अंकाच्या संपादकांनी मात्र पुढं विचारलं, "दाबत होतो म्हणजे नेमकं काय?" आता त्यांनीच ओढवून घेतलंय, तर सांगतो.

निजामाच्या राजवटीत मी मोमिनाबादला, म्हणजे आताच्या अंबाजोगाईला, कापसाच्या प्रेसवर मिस्तरी होतो. गावाला आगगाडी नव्हती. कापूस बैलगाडीनं लातूरच्या स्टेशनावर जायचा. सुटा कापूस म्हणजे अर्धी हवाच; गाडीभर दिसतो आणि वजनाला काही नसतो. म्हणून सरकी काढली की तो प्रेसमध्ये दाबून, वर लोखंडी पट्ट्या आवळून त्याच्या गाठी बांधायच्या. एक गाठ उचलायला चार हमाल लागत, आणि तिच्यात बोट खुपसायला गेलात तर बोटच दुखायचं.

प्रेस म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. जमिनीत बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक भलंमोठं नळकांडं पुरलेलं. त्यात पंपानं पाणी कोंबायचं. पाणी स्वभावानं हट्टी. दाबलं तरी ते आक्रसत नाही. मग ते नळकांड्यातला जाडजूड दांडा वर ढकलतं. दांड्याच्या डोक्यावर कापसाची पेटी, आणि पेटीच्या वर बिडाचंच एक अवजड झाकण. त्याला आम्ही 'माथा' म्हणायचो. हा माथा उडून जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांना चार खांब, घडीव लोखंडाचे, माणसाच्या मांडीएवढे जाड. प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाला आटे आणि त्यावर परातीएवढा नट.

बघणाऱ्याला वाटतं, सगळा जोर कापसावर. कापसाला काय होतंय! तो दबतो आणि मोकळा होतो. खरा जीव जातो त्या चार खांबांचा. दांडा खालून रेटत असतो, माथा वर निसटायला बघत असतो आणि हे चौघं त्याला खाली धरून ठेवतात. प्रत्येक गाठीला प्रत्येक खांब केसभर लांब होतो आणि दाब सुटला की परत जागेवर येतो. डोळ्यांना हे दिसत नाही. चाळीस हंगाम मी जे दिसत नाही ते बघायची नोकरी केली, असं म्हटलं तरी चालेल.

हे बघायला मला आमच्या उस्तादांनी शिकवलं. हैदराबादेकडच्या कारखान्यांत वाढलेला माणूस, दाढी पिंजलेल्या कापसासारखी, आणि बोलणं अस्सल दखनी. अमावास्येला प्रेस बंद असायचा. त्या दिवशी आम्ही दोन जाड पोलादी पाट्यांमध्ये धातूचे तुकडे ठेवून प्रेस चढवायचो आणि कोण काय करतो ते बघायचो. शिसं लोण्यासारखं पसरायचं, त्याला काही मानपानच नाही. घडीव लोखंड आधी तोंड वाकडं करायचं, मग कडेनं फुगायचं, मग चपटं व्हायचं. तोपर्यंत तुम्हाला पंप बंद करायला वेळ मिळायचा. बिडाचा तुकडा मात्र हूं की चूं करायचा नाही. दाब चढत राहायचा, तुकडा तसाच, आणि एकदम फाड्कन फुटायचा. एकदा त्याची एक कपची पत्र्याच्या भिंतीला भोक पाडून पलीकडं गेली. उस्ताद शांतपणे त्या भोकातून बाहेर बघत म्हणाले, "देखा? बीड का भरोसा नक्को करो. वो बोल के नइं टूटता." आम्ही बीडचेच, पण मी ते मनाला लावून घेतलं नाही.

हे सगळं आपल्यालाच कळतं असं मला वाटू लागलं, आणि तिथंच एका कासारानं माझी खोड मोडली. बाजारातला एक म्हातारा कासार मोडीची तांब्याची भांडी घेऊन आला. हंडे, घागरी, सगळं पोचे पडलेलं. गाडीत मावेना म्हणून म्हणाला, दाबून द्या. प्रेसचे मालक, आमचे शेठजी, गावात नव्हते. मी हौसेनं दाबून दिली. घागरीची भाकरी झाली. त्यातली एक चकती मी उचलली आणि त्याला दाखवायला हातोडीनं वाकवू लागलो. ती वाकेना. जोर लावला तर कडेला चिरली. तांबं इतकं मऊ, आणि असं का करतंय, मला कळेना. कासार हसला. "मिस्तरी, दाबलेलं तांबं रागावतंय. त्याला जरा इस्तवात घाला, मंग बगा." चकती लाल करून गार केली तर चामड्यासारखी वळली. त्याच्या घरी हे सात पिढ्या माहीत होतं. मी त्याला चहा पाजला.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

प्रेसवर माणसं वागवणारा मुकादम होता सोनबा. पाटोद्याकडचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, मिशीला तेल आणि आवाजाला धार. मी यायच्या आधी कधीतरी या प्रेसमध्ये एका गड्याचा हात गेला होता. तेव्हापासून सोनबानं आणि त्याच्या गड्यांनी चारी खांबांना शेंदूर लावायला सुरुवात केली. दर दसऱ्याला तेलात कालवलेल्या शेंदराचा एक नवा हात. वर्षामागून वर्षं थर चढत गेले, तेल वाळून कडक झालं, आणि खांबांवर नारळाच्या कवटीसारखं जाड कवच तयार झालं. नट तर शेंदरात पार बुडून गेले होते. सकाळी प्रत्येक गडी खांबाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच कापूस तुडवायला पेटीत उतरायचा.

उस्ताद गावी परतले आणि मी मुख्य मिस्तरी झालो, त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी फर्मान काढलं की सगळा शेंदूर खरवडायचा. लोखंड दिसलं पाहिजे, नट दिसले पाहिजेत. सोनबा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मिस्तरी, देवाचं अंग खरवडत्यात व्हय?"

"तो देव नाही सोनबा, खांब आहे. त्याला चीर पडली तर शेंदराखाली दिसेल का?"

"आमाला त्यो देवच हाय. तुमी खरवडा, आमी घरी जातो. मंग पेटीत तुमीच उतरा."

तो खरंच सगळ्यांना घेऊन फाटकाबाहेर जाऊन बसला. दुपारपर्यंत ताणाताणी चालली. शेवटी शेठजींनी मधे पडून तोड काढली: दाराकडचा एक खांब मिस्तरीचा, उरलेले तीन सोनबाचे. मी माझा खांब घासून पुसून लखलखीत केला, त्याला काळा रंग दिला. नट जरा सैल वाटला म्हणून पान्याला लांब नळी लावून चार गड्यांकडून तो करकचून आवळून घेतला. त्या चौघांत सोनबाही होता. काम म्हटलं की तो मागं राहायचा नाही. मग मी लांब उभा राहून माझ्या खांबाकडं बघितलं. तीन लालबुंद बाबांच्या मधे एक शिकलेला माणूस, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तो हंगाम नीट गेला. दुसऱ्या हंगामात, ऐन पौषात, आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना मला एक गोष्ट दिसली. खरं तर ती रोज दिसत होती, मी बघत नव्हतो.

प्रेसचा ओटा झाडायचं काम गयाबाईकडं होतं. पन्नाशीची बाई, कमरेत जरा वाकलेली, कमी बोलणारी. खांबांवरून शेंदराच्या टिकल्या गळायच्या. देवाचा शेंदूर पायाखाली येऊ नये आणि केरातही जाऊ नये म्हणून तिनं प्रत्येक शेंदरी खांबाच्या बुडाशी एकेक करवंटी ठेवली होती. त्या त्या खांबाखालचं वेचून ती त्या त्या करवंटीत टाकायची आणि दसऱ्याला सगळं नदीत सोडायची. माझ्या काळ्या खांबाला अर्थातच करवंटी नव्हती. त्या दिवशी मी सांडलेलं तेल पुसायला वाकलो, तेव्हा बघितलं: दोन करवंट्या काठोकाठ भरलेल्या आणि तिसरीत चिमूटभर.

 शेंदराचं कवच कडक. ते लोखंडाबरोबर लांब होऊ शकत नाही, म्हणून तडकतं आणि गळतं. म्हणजे ज्या खांबाचा शेंदूर जास्त गळतो तो खांब जास्त ताणला जातोय. चौघांनी सारखा भार घ्यायचा, आणि इथं दोघं मरत होते. यातला एक तुटला तर दुसरा तुटणार, आणि मग तो बिडाचा माथा न बोलता फुटणार. त्याच्या आसपास सोनबा आणि सात गडी उभे असायचे.

मी पंप थांबवला. शेठजी धावत आले. बाहेर इतक्या गाड्या उभ्या असताना प्रेस बंद म्हणजे त्यांच्या अंगात आल्यासारखंच झालं.

"कशावरून थांबवलं?"

"शेंदूर गळतोय, शेठजी."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की माझं मलाच हसू आलं असतं. "गेल्या साली शेंदूर नको म्हणून भांडलात, औंदा शेंदूर गळतो म्हणून भांडताय! उद्या दिवस मावळायच्या आत दोष दाखवा. नाहीतर मिस्तरी, तुम्ही दुसरं ठिकाण बघा."

रागावर बोलले, पण ते बोललेलं फिरवणारे नव्हते. घरी बायकोला सांगितलं नाही. नोकरीचं भय होतंच, पण त्याहून मोठं भय वेगळं होतं: दोष सापडला नाही तर परवा सकाळी दुसरा कुणी पंप चालू करणार आणि सोनबा पेटीशी उभा राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्या दोन गळक्या खांबांच्या मागं लागलो. खड्ड्यात उतरून खालची टोकं तपासली. हातोडीनं ठोकून बघितलं, पण शेंदरामुळं आवाज मुका येत होता. वरचे नट उघडल्याशिवाय काही कळणार नव्हतं. सोनबाला विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "येक खांब दिला तुमाला. आता दोन मागताय. उद्या तिसरा मागाल."

"तुमच्याच जिवासाठी मागतोय ना!"

"आमच्या जिवाची काळजी त्योच करतो," म्हणून त्यानं खांबाकडं हात केला.

मी वैतागून ओट्याच्या पायरीवर बसलो. दुपार टळत आली होती. समोर हमाल जुन्या गाठी गाडीवर चढवत होते. एका गाठीच्या चार कोपऱ्यांना चौघं. दाराजवळ एकाचा पाय घसरला आणि त्यानं हात सोडला. लगेच शेजारचे दोघं दाबले गेले आणि त्यातला एक ओरडला, "आरं हात लाव की बे, मेलो मी!" मी बघत होतो तो चौथ्याकडं. घसरलेल्याच्या बरोब्बर समोरच्या, तिरक्या कोपऱ्याला असलेल्या गड्याचे हात रिकामे झाले होते. त्याच्या वाट्याला भारच उरला नव्हता. तो आपला नुसता गाठीला हात लावून उभा.

दोन दाबले गेले, एक रिकामा आणि एकानं हात सोडलेला. दोन करवंट्या भरलेल्या, तिसरीत चिमूटभर. आणि ती तिसरी करवंटी माझ्या काळ्या खांबाच्या बरोब्बर समोरची होती.

हात सोडला होता तो माझ्या खांबानं. स्वच्छ, घासलेल्या, शिकलेल्या खांबानं.

शिडी लावून वर चढलो. हा नट उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पान्याला हात लावला तर चार गड्यांनी आवळलेला तो नट दोन हातांनी फिरला. अर्धा फेरा झाला आणि नटाबरोबर खांबाचं टोकच वर आलं, वीतभर, आट्यांसकट. नटाच्या आत, जिथं कुणाची नजर पोचत नव्हती, तिथं खांब चिरत गेला होता. चीर जुनी, काळपट. शेवटचं दोन बोटांएवढं लोखंड काय ते धरून होतं, आणि तेही आताच माझ्या हातानं सुटलं होतं.

मी ते टोक खाली आणून शेठजींच्या पुढं ठेवलं. ते गादीवर होते, तिथून उठले आणि परत बसले. मग एवढंच म्हणाले, "किती माणसं असतात आत?"

"आठ."

त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नवा खांब मुंबईहून यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस गाड्या थांबल्या, शेठजींनी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांसमोर मला फेटा बांधला. मी दोष काय सांगितला? लोखंड जुनं झालं होतं, म्हणालो. तसं मला वाटतही होतं. सोनबानं आपल्या गड्यांना सांगितलं, "देवानं खूण दिली आन् मिस्तरीनं ती वाचली." एवढं कौतुक मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं आणि मी ते पोटभर घेतलं. तीन आठवडे फेट्यातच होतो म्हणा ना.

नवा खांब बसवायच्या आदल्या दिवशी गयाबाई ओटा झाडत होती. मी मोठ्या मनानं म्हणालो, "गयाबाई, तुमच्या करवंट्यांनी आठ जीव वाचवले बरं का."

ती झाडता झाडता म्हणाली, "औंदा त्या दोघांच्या भरत व्हत्या. मागल्या साली ह्याची भरायची."

तिनं बोट दाखवलं ते तिसऱ्या खांबाकडं, माझ्या खांबाच्या समोरच्या.

"मागल्या साली? कधीपासून?"

"तुमी काळ्या खांबाला पाना लावला ना, तवापासून. त्याच्या आधी चारी सारख्या भरायच्या."

तेव्हा मला उमगलं. बाजेचा एकच पाय लांब झाला तर ती त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावरच टेकते, हे कुणालाही सांगता येईल. बाकीचे तीन नट शेंदराखाली होते, त्यांना हात लावायची सोय नव्हती; म्हणून मी हाताशी असलेला एकच नट करकचून आवळला होता. वर्षभर माझ्या खांबानं आणि समोरच्यानं मिळून सगळा भार ओढला, आणि त्यात माझा चिरला. लोखंड जुनं नव्हतं. मीच त्याला तोडलं होतं. आठ माणसं मीच त्या माथ्याखाली उभी केली होती, आणि वर फेटा बांधून घेतला होता.

"हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?" माझा आवाज जरा चढलाच.

गयाबाईनं खराटा थांबवला. पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "तुमी इचारलं कावून न्हाई? रोज तर हितून जात व्हता."

मला फार लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटतेच.

तसाच सोनबाकडं गेलो. तो फाटकाशी तंबाखू मळत बसला होता. त्याला सगळं सांगितलं, काही राखलं नाही. चूक माझी, लोखंडाची नाही. शेठजींनाही आजच सांगणार, म्हणालो. तो ऐकत राहिला. तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले. मला वाटलं, आता हा माणूस हे गावभर करणार, आणि करायलाच पाहिजे.

"पाना काय तुमी येकल्यानं वढला व्हता?" तो म्हणाला. "म्या बी लोंबकळलो व्हतो की त्याला."

"तुम्ही मी सांगितलं म्हणून ओढला."

"आन् तुमी येकच आवळला ते आमी बाकीचे आवळू दिले न्हाईत म्हून."  तो उठला. "लई झालं. आता चारी सारखे आवळायचे म्हंजी चारी दिसाया पायजेत. अंगाचा शेंदूर न्हाई काढायचा. पर डोकी उघडी करू."

मी म्हणालो, "गड्यांना बोलावतो, ते खरवडतील."

"गड्यांनी कावून? लावला कुणी? म्याच लावला." त्यानं कोपऱ्यातली छन्नी उचलली, पायांतल्या वहाणा काढल्या, खांबाला हात लावून कपाळाला लावला आणि शिडी चढू लागला. वर जाऊन पहिला घाव घालायच्या आधी तो बराच वेळ थांबला. मग शेंदराचे खवले खाली पडायला लागले. गयाबाई पदर पसरून ते झेलत होती. शिडी जुनी होती आणि हलत होती, म्हणून तिन्ही नट उघडे होईपर्यंत मी खाली ती धरून उभा राहिलो.